वाटून खाल्लेल्या गोळ्या

ते दोन हजार तेवीस साल होतं. पाथर्डीकडं त्या वर्षी बाजरीसुद्धा धड हाताला लागली नव्हती, त्यामुळं दिवाळी उरकते न उरकते तोच ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या बेलापूरच्या शिवारात उतरल्या. आमच्या मळ्यात पाटाच्या कडेला एक पडीक तुकडा आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दर हंगामाला तिथं टोळ्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या पडतात. पूर्वी बैलगाड्या यायच्या. पहाटे चाकांचा खडखडाट ऐकू आला की सासूबाई अंथरुणातूनच म्हणायच्या, "ऊठ बनू, पाव्हणे आले." आता ट्रॅक्टर येतात. बाकी फार काही बदललेलं नाही. बाया तेव्हाही लुगड्याचा आडोसा धरून अंघोळ करायच्या, त्या वर्षीही करत होत्या.

आदिनाथची कोपी आमच्या विहिरीला सगळ्यात जवळ होती. तो, त्याची बायको ज्ञानेश्वरी, आई बायडाबाई आणि चालायला लागलेली एक मुलगी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसरीनं मोळी बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवायची. एक आजारी पडलं की दोघांचा खाडा धरतात, म्हणजे दिवसाची मजुरी कापतात. मुकादम भिमाजी त्यांच्याच गावचा. तो मोटारसायकलवरून यायचा आणि उतरायच्या आधीच बोलायला लागायचा.

कोप्या पडून थोडे दिवस झाले असतील. ज्ञानेश्वरी तांब्या घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"आजी, तांदूळ धुतल्यालं पानी तुमी वतून देता का?"

"ओतूनच देते. कशाला हवंय?"

ती पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. मग मी अधिक विचारलं नाही. आमच्या काळी त्याला धुपणी म्हणायचे. अंगावरून पांढरं जायचं. माझ्या थोरल्या जाऊबाई दाराआड उभ्या राहून तांदळाचं धुवण प्यायच्या, वर धने भिजवलेलं पाणी. घरातल्या एकाही पुरुषाला ते कशाचं पाणी आहे हे जन्मात कळलं नाही. बाईनं बाईला विचारायचं नाही, फक्त तांब्या भरून द्यायचा, अशी रीत होती.

मी तांब्या भरून दिला. ती जाताना पाय फाकवून चालत होती.

पुढं आमचाच ऊस तोडायला लागला, तेव्हा मी रोज बांधावर जाऊन बसू लागले. हवेत गारठा होता. पाचटाची बारीक टोचरी कूस अंगाला चिकटत होती. बाया सूर्य उगवायच्या आत झाडाझुडपाआड जाऊन यायच्या आणि मग दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत, कारण फडात बसायला आडोसा नव्हता. ज्ञानेश्वरी मोळी उचलायची, डोक्यावरच्या चुंबळीवर नीट बसवायची आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढायची. एकदा ती फळीच्या मध्यावर थांबली. मांड्या आवळून उभी राहिली. फळी खाली-वर हलत होती.

"काय गं," भिमाजी खालून ओरडला, "वर फोटू काढायला उभी राह्यलीस काय?"

गडी हसले. आदिनाथनं वर बघितलं नाही. त्यानं कोयता बुडख्यावर असा मारला की उसाबरोबर माती उडाली.

बायडाबाई नातीला पाठीशी बांधून उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या, पेंढ्या करत होती. पन्नाशीची असेल, पण माझ्यापेक्षा थकलेली दिसायची. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"पिशवीचंच हाय ते," ती म्हणाली. "माजी अठ्ठाविसाव्या वर्साला काढली. तवापासून एक खाडा न्हाई बगा आजी. हिचीबी काढून टाकायची यंदा."

"अगं, पोरीला एकच लेकरू आहे."

"एक हाय न्हवं? बास झालं."

ज्ञानेश्वरीला अजून एक मूल हवं होतं. तिनं मला ते पुढं कधीतरी विहिरीवर सांगितलं, कुणीतरी ऐकेल म्हणून कळशी बुडवता बुडवता. जेवायला ती सगळ्यांपासून लांब बसायची. आदिनाथ एकदा चारचौघांत म्हणाला होता, "तिकडं सर, वास येतोय." त्यानंतर तिला कुणी सरक म्हणायची वेळच आली नाही.

अशातच एक दिवस पांढरी जीप आली. नगरच्या एका कॉलेजच्या डॉक्टर यामिनी आणि त्यांच्याबरोबर रेश्मा नावाची नर्स. भिमाजीला आधी वाटलं, कारखान्याचे लोक आहेत, म्हणून त्यानं टोपी नीट केली. बायांच्या दुखण्याचं काम आहे म्हटल्यावर तो गाडीला टेकून उभा राहिला.

"त्यात तपासायचं काय, मॅडम? पांढरं जातंय म्हंजी पिशवी खराब. आमचं शेंबडं पोरगंबी सांगंल."

यामिनीबाई त्याच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. माझ्या ओट्यावर त्यांनी बायांना गोळा केलं.

"खाज, जळजळ, पांढरं जाणं हे निरनिराळ्या कारणांनी होतं," त्या म्हणाल्या. "बाहेरून सगळं सारखंच दिसतं. डॉक्टर नुसतं ऐकून औषध देतात, एकीला लागू पडतं, दुसरीला नाही. कापसाच्या काडीनं नमुना घेतला आणि तपासला तर नेमका कोणता जंतू आहे ते कळतं. कुणाला कोणतं औषध द्यायचं, तेच आम्ही शोधतोय."

"काडी?" रंगनाथची बायको गोदावरी म्हणाली. टोळीत जीभ तिचीच मोकळी. "आन ती कुठं घालायची, बाई? कानात?"

बाया पदरात तोंड घालून हसल्या. रेश्माही हसली आणि तिनं हातानंच सांगितलं. जिची तिनं आत जाऊन काडी फिरवून आणायची, कुणी बघणार नाही.

"माजं नगं," गोदावरी एकदम गंभीर झाली. "आमच्या मालकाला कळलं तर काडी आन मी, दोनीबी मोडतील."

तिचं बघून बाकीच्याही मागं सरल्या. ज्ञानेश्वरी मात्र उठली. मी तिला आमची न्हाणी उघडून दिली, आतून कडी कशी बसते ते दाखवलं. ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा काडी घातलेली नळी पदराखाली झाकून आणली होती, जणू चोरून काही नेत होती.

निकाल घेऊन रेश्मा एकटी आली. ज्ञानेश्वरीच्या नमुन्यात जंतू सापडला होता. तो नवरा-बायकोत एकमेकांकडून जातो, म्हणून गोळ्या दोघांना. रेश्मानं दोन पाकिटं दिली आणि बजावलं की पाकीट संपेपर्यंत घ्यायच्या, मधे सोडायच्या नाहीत, आणि तोवर एकमेकांच्या जवळ जायचं नाही.

आदिनाथ कोपीसमोर बसून कोयत्याला कानस लावत होता.

"दुखनं तिला आन गोळ्या मला? म्यां काय बाईमानूस हाय व्हय?"

"तसं नाही दादा, तुम्हाला त्रास जाणवत नाही, पण तुमच्या अंगातही तो—"

नेमका भिमाजी तिथं होता. "आदिनाथ, तुलाबी पांढरं जातंय काय रं? मला सांगायचं न्हाई व्हय, तुला बायांच्या पाळीत घातला आसता!"

सगळी कोपी हसली. आदिनाथ हसला नाही. त्यानं पाकीट ज्ञानेश्वरीच्या अंगावर फेकलं, कोयता उचलला आणि पाटाच्या कडेनं निघून गेला.

पुढची गोष्ट मला ज्ञानेश्वरीनंच नंतर सांगितली, पण घडली ती त्याच संध्याकाळी, म्हणून इथंच सांगते. टोळीत एक रीत असते. बाहेरून आलेलं काही एकटीनं खायचं नाही. मी वांगी दिली तरी ती सगळ्या कोप्यांत फिरायची. गुऱ्हाळवाल्यानं गुळाचा खडा दिला तर तो फोडून वाटायचा. भाकरी थापताना गोदावरी ज्ञानेश्वरीच्या चुलीजवळ येऊन बसली.

"मलाबी तसंच हुतंय," ती हळूच म्हणाली. "आन मलाच न्हाई. समद्यास्नी."

"मंग काडी का न्हाई दिली?"

"दिली आसती तर ह्यांनी जीव घेतला आसता. तुला औषिद मिळालंय, त्यात आमचं बी हाय की."

ज्ञानेश्वरीनं दोन्ही पाकिटं उघडली. स्वतःचं आणि नवऱ्याचं. परातीत गोळ्या ओतल्या आणि जेवढ्या बाया तेवढे वाटे केले. कुणाला कमी-जास्त नको म्हणून उरलेली एक गोळी अडकित्त्यानं फोडली. त्या दिवशी तिला पहिल्यांदाच सगळ्यांनी आपल्यात बसवून जेवायला घेतलं.

गोळ्यांनी तोंडाला तांब्यासारखी कडवट चव आली, सगळ्यांच्या. खाज थांबली, सगळ्यांची. फडात त्या दिवसांत बाया गाणी म्हणत होत्या. मी बांधावरून ऐकलं आणि मला बरं वाटलं. मग गाणी थांबली. ज्ञानेश्वरी पुन्हा तांब्या घेऊन माझ्या दाराशी आली. तिच्या मांड्यांची कातडी सोलवटली होती. घामाचं मीठ लागलं की ती दात खाऊन श्वास घ्यायची.

यामिनीबाई ठरल्याप्रमाणं दुसऱ्यांदा आल्या, नमुना घेतला, आणि निकाल घेऊन परत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"जंतू आहे तसाच आहे. गोळ्या सगळ्या घेतल्या होत्यास ना?"

"व्हय," ज्ञानेश्वरी म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. तिच्या वाट्याला आल्या तेवढ्या तिनं सगळ्या खाल्ल्या होत्या.

"आणि नवऱ्यानं?"

तिनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही कळलं नाही. यामिनीबाई रेश्माकडं वळून म्हणाल्या, "मग हा जंतू या औषधाला दाद देत नाहीये. दुसरं औषध मागवावं लागेल. थोडा वेळ लागेल."

बायडाबाई मागं उभी होती. तिनं त्यातलं एवढंच उचललं. जीप पाटाच्या पुलावरून वळायच्या आत ती भिमाजीजवळ पोचली होती.

"नगरची डाक्टरीन म्हनली, औषिद चालत न्हाई."

"मी काय म्हनत हुतो?" भिमाजी म्हणाला.

मग सगळं भराभर झालं. भिमाजीनं ज्ञानेश्वरीला तालुक्याच्या गावात त्याच्या ओळखीच्या एका डॉक्टरकडं नेलं. त्यानं पोटाचा फोटो काढला. काडी नाही, तपासणी नाही. पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असं सांगितलं. त्या शब्दानं आदिनाथसुद्धा खाली बसला. टोळीतल्या गड्यांनी त्या दिवशी त्याची चेष्टा केली नाही, आणि ते मला चेष्टेपेक्षा वाईट वाटलं. कारखान्यात काही बिघाड होऊन गाळप काही दिवस बंद राहणार होतं. तेव्हा खाडा होणार नाही, तेव्हाच पिशवी काढून टाकायचं ठरलं.

त्या सकाळी धुकं होतं. ऊस अर्धा उभा, अर्धा आडवा. तोड बंद असल्यामुळं शिवारात कसलाच आवाज नव्हता. ज्ञानेश्वरी मुलीला माझ्याकडं ठेवायला घेऊन आली. नवी साडी नेसली होती, केस विंचरले होते.

"हिला दूध-भाकरी कुस्करून द्या आजी. रडली तर पाटाकडं न्या, पानी बगून गप बसती."

"ज्ञानेश्वरी, त्या गोळ्या नीट घेतल्या होत्यास ना गं तू?"

"घेतल्या की. आमच्या वाट्याला आल्या तेवढ्या."

"वाट्याला म्हणजे?"

तेव्हा तिनं सांगितलं. परात, वाटे, अडकित्ता, सगळं. सांगताना तिला त्यात काही चुकलं असं वाटत नव्हतं. मला मात्र औषध का लागू पडलं नाही ते कळलं. मी तिथंच पायरीवर बसून यामिनीबाईंना फोन लावला. ऐकता ऐकताच त्या पलीकडं कुणाकडं तरी गाडीची किल्ली मागत होत्या.

"आजी, त्यांना थांबवा. मी निघते. जंतू पिशवीत नाहीये, खाली वाटेत आहे. पिशवी काढून तो जाणार नाही. काहीही करा, पण गाडीत बसू देऊ नका."

भिमाजीची भाड्याची जीप कोप्यांसमोर हॉर्न वाजवत उभी होती. मी या वयात एवढ्या झपाझप चालले नव्हते. ज्ञानेश्वरी मागून मुलीला घेऊन. मी जे ऐकलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. बाया खाली बघू लागल्या. रंगनाथनं गोदावरीकडं असं बघितलं की ती दोन पावलं मागं गेली.

"आजी, तुमी शेताच्या मालकीन," भिमाजी म्हणाला, "आमी तुमच्या उसाचं ऐकतो. आमच्या बायांचं आमी बगू."

"डॉक्टरबाई येतायत. तेवढं थांबा."

"त्यांचं औषिद फेल गेलंय."

"औषध खाल्लंच कुठं कुणी?"

आदिनाथ पहिल्यांदा बोलला. आवाज बसलेला होता. "आजी, माज्या मायची काढली. तिला बरं वाटलं. हिलाबी वाटंल. कॅन्सर झाल्यावर म्यां काय करू?"

ज्ञानेश्वरीनं मुलीला माझ्या कडेवर दिलं आणि जीपच्या दाराला हात लावला. बायडाबाई कोपीच्या तोंडाशी वाकून दवाखान्यात न्यायच्या कपड्यांचं गाठोडं बांधत होती. तिचे हात थांबले.

"मला आजून जातंय," ती म्हणाली.

कुणाला कळेना ती काय बोलतेय.

"काय जातंय, आई?"

"पांढरं." तिनं मुलाकडं बघितलं नाही, गाठोड्याशीच बोलत राहिली. "आग हुती, खाज हुती. पिशवी काढल्यावर थोडं दीस बरं गेलं, मंग हाय तसंच. तुज्या बापानं बैल इकून माजं आप्रेशन केल्तं. त्याला कसं सांगू, का बैलबी गेला आन दुखनंबी ऱ्हायलं? खाडा पडला न्हाई, म्हनते ना मी समद्यास्नी? बोललेच न्हाई, तर खाडा कसा पडंल."

आदिनाथ तिच्याकडं बघत राहिला. जन्मल्यापासून तो तिच्याबरोबर त्याच कोपीत, त्याच फडात होता.

"म्हातारे, गाडी उभी हाय," भिमाजी म्हणाला. "डाक्टर वाट बगत आसंल."

"मंग तू बस तिच्यात," बायडाबाई ताठ उभी राहिली. "तुजी काढून ये जा."

गोदावरी खदकन हसली आणि लगेच पदर तोंडावर धरला. ज्ञानेश्वरीनं दारावरचा हात काढला. जीप थोडा वेळ तशीच सुरू राहिली, मग धूर सोडत रिकामी गेली. भिमाजी मोटारसायकलवरून तिच्या मागं गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या हंगामाला दुसरा मुकादम बगा."

यामिनीबाई ऊन तापल्यावर पोचल्या. त्यांनी सगळ्या बायांचे नमुने मागितले, आणि त्या दिवशी बहुतेकींनी दिले. माझ्या न्हाणीसमोर रांग लागली. औषध आलं तेव्हा रेश्मा रोज यायची आणि समोर गिळायला लावायची. नवऱ्यांनाही. ती दिसली की आदिनाथ उसात शिरायचा. शेवटी बायडाबाईनंच पाण्याचा तांब्या आणि गोळी त्याच्यासमोर धरली. त्यानं पाठ फिरवून गोळी गिळली. रंगनाथनं मात्र हात लावला नाही. जबरदस्ती कोण करणार? आणि गोदावरीनंही काडी दिलीच नव्हती.

त्यालाही आता वर्षं झाली.

यामिनीबाईंचं संशोधन पुढं गेलं. त्यांनीच मला सांगितलं की आमच्या टोळीचे पहिले निकाल त्यांना बाजूला काढावे लागले. औषध कुचकामी आहे असं त्या लिहायला निघाल्या होत्या. आता नवीन टोळीत गेलं की त्या आधी विचारतात, तुमच्यात वाटून काय काय खाता?

बायडाबाईचं दुखणं सुनेसारखं नव्हतंच. एवढ्या लवकर पिशवीबरोबर बीजकोशही काढल्यामुळं आतली कातडी कोरडी पडली होती. तिला लावायला मलम दिलं. ते संपेपर्यंत तिला आराम होता. पुढच्या हंगामात फळीवरून पाय घसरून तिच्या मांडीचं हाड मोडलं. हाडं पोकळ झाली होती म्हणतात. ती गावीच असते, बसून.

गोदावरीची पिशवी त्याच उन्हाळ्यात काढली. चोविसाव्या वर्षी. भिमाजीच्याच जीपमधून गेली. तिच्या हातात आता मोळी उचलायचं बळ नाही, आणि रंगनाथ दुसऱ्याच कुणाबरोबर अर्धा कोयता म्हणून जातो. ती फारशी बोलत नाही, असं ऐकते.

भिमाजी अजून टोळ्या आणतो, पण आमच्या मळ्यात नाही. गेल्या वर्षी आमचा ऊस यंत्रानं तोडला. पाटाकडेचा तुकडा मोकळा पडलाय. सकाळी जाग येते, पण ऐकायला काही नसतं.

आदिनाथ आणि ज्ञानेश्वरी दुसऱ्या मुकादमाबरोबर कर्नाटकात जाऊ लागले. तिला दुसरी मुलगी झाली. तिनं फोन करून नाव सांगितलं होतं. यंदा थंडी पडल्यावर तिचा पुन्हा फोन आला. मागं ट्रॅक्टर चालू होता, तिला ओरडून बोलावं लागत होतं आणि ओरडून बोलायची ही गोष्ट नव्हती.

"आजी, परत तसंच हुतंय. हितं काडीवाली बाई येत न्हाई."

"आदिनाथला सांगितलंस?"

"ह्यास्नी म्हनलं, तुमीबी दवाखान्यात चला. तर म्हनले, मागल्या येळंला खाल्ल्या त्या बास." मग आवाज एकदम जवळ आला. "हितला मुकादम म्हनतोय, एक डाक्टर हाय."

मी यामिनीबाईंचा नंबर सांगायला लागले. निम्मे आकडे सांगून झाले असतील, फोन कट झाला. तेव्हापासून रोज लावून बघते. आता हंगामही संपत आलाय. रेकॉर्डवरची बाई कानडीत काहीतरी सांगते आणि फोन बंद होतो.